अडीच वर्षं पाठीवर: लहान मुलाला घेऊन डोंगर चढायच्या कॅरियरचा आमचा अनुभव

धाकटा 14 महिन्यांचा होता तेव्हा हे कॅरियर घेतलं, आता तो पावणेचार वर्षांचा झालाय आणि कॅरियर निरोप घ्यायच्या बेतात आहे, म्हणून म्हटलं विसरायच्या आत सगळं लिहून काढावं. घेण्याआधी मी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते पण बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यातले, घरातल्या घरात घालून बघितलेले नाहीतर बागेत एक चक्कर मारून आलेले. सोप्या वाटेवर हे कसं वागतं, मध्यम वाटेवर कसं, आणि अवघड वाटेवर न्यावं की नाही, हे कोणीच धड सांगत नव्हतं आणि मला तर नेमकं तेच हवं होतं.

आधी मत सांगून टाकते. वस्तू चांगली आहे, परत घ्यायची वेळ आली तर परत हीच घेईन. पण मुलाला अवघड डोंगरावर नेता येईल म्हणून घेणार नाही, मूल स्वतःच्या पायाने जास्त चालावं म्हणून घेईन. हे जरा उलटं वाटेल पण आमच्याकडे खरंच असं झालंय.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. ॲल्युमिनियमची फ्रेम, आत मुलाची सीट, खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणारा हार्नेस, पाय टेकायला दोन रिकिबी, खाली सामानाचा कप्पा, वर उन्हासाठी छत आणि मागे उघडणारा स्टँड, म्हणजे खाली ठेवलं की स्वतःच्या पायावर उभं राहतं. नुसत्या कॅरियरचं वजन 3.3 किलो. लेबलवर एकूण मर्यादा 22 किलो लिहिलीय आणि ही मर्यादा मूल, सामान आणि कॅरियर सगळं धरून आहे हे नीट वाचा, कारण मी स्वतः आधी ती फक्त मुलाची समजले होते. आज धाकटा साडेचौदा किलोचा आहे, त्यात 3.3 मिळवा, दोन लिटर पाणी, कपडे, खाऊ, की झाले 21 च्या वर. म्हणजे मर्यादा संपलीच. कंपनीचं नाव टाकत नाहीये, या साच्याची कॅरियर बऱ्याच जणांची मिळतात आणि मी लिहितेय त्यातलं बरंचसं सगळ्यांना लागू पडतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला हे नका घेऊ. तेव्हा आम्ही अंगाशी बांधायचं कापडी कॅरियर वापरलं आणि तेच बरोबर होतं, बाळ छातीशी, वजन अंगालगत, ऊब आपली. फ्रेमच्या कॅरियरमध्ये बसायला मुलाला मान घट्ट धरता यायला हवी आणि आधाराशिवाय नीट बसता यायला हवं, वय सहा महिने लिहिलेलं असलं तरी वयापेक्षा हे बघा. आमचा सहाव्या महिन्यात बसत होता तरी आम्ही थांबलो, कारण झोप लागली की मान कुठेही कलंडायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माप. या कॅरियरला वाईट रिव्ह्यू देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते मापात बसवलेलंच नसावं असं मला आता वाटतं, कारण पहिले दोन महिने मीही तेच म्हणत होते, खांदे भरून येतात, मान धरते, हे काय कामाचं नाही. खरी गोष्ट अशी की वजन खांद्यावर यायलाच नको, ते कमरेवर बसायला हवं. कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवला की वर जी हाडाची कड लागते त्या कडेवर हिप बेल्टचा, म्हणजे कमरेच्या जाड पट्ट्याचा, मधला भाग आला पाहिजे, पोटावर नाही आणि खाली मांड्यांवरही नाही. मग पाठीची लांबी. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं ना, तिथपासून खाली त्या दोन हाडांच्या रेषेपर्यंत टेपने मोजायचं, एवढी तुमची पाठ. माझी उंची 158 सेंटिमीटर, नवरा 180, पण पाठीत आमच्या दोघांत फरक निघाला फक्त 5 सेंटिमीटरचा, त्याचे पायच लांब आहेत! म्हणून उंचीवरून साइज ठरवू नका.

घालायचा क्रम पण आहे. सगळे पट्टे ढिले करायचे, घालायचं, आधी हिप बेल्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, मग छातीवरचा, आणि शेवटी खांद्याच्या वर जे दोन छोटे पट्टे तिरके फ्रेमकडे जातात ते हलके ओढायचे. हे छोटे पट्टे म्हणजे खरी जादू, ते ओढले की मूल आपल्या पाठीकडे येतं, ढिले सोडले की मागे लोंबतं. मी दोन महिने त्यांना हातच लावला नव्हता. ज्या दिवशी लावला त्या दिवशी त्याच वाटेवर तोच मुलगा मला दोन किलोने हलका वाटला. आमच्या कॅरियरमध्ये पाठीची लांबी बदलायची सोय मागच्या पट्टीवर सरकणाऱ्या हुकाने आहे, म्हणजे आम्हा दोघांत अदलाबदल झाली की हुक काढून दुसऱ्या खुणेवर लावायचा. मी दोन खुणांवर रंगीत दोरा बांधून ठेवलाय, लाल माझा, निळा नवऱ्याचा, नाहीतर प्रत्येक वेळी अंदाजपंचे.

मुलाची सीटही तेवढीच बघायची. हनुवटी पुढच्या मऊ पॅडच्या कडेला यायला हवी, नाक पॅडमध्ये जायला नको. आणि पाय. मांड्यांना पूर्ण आधार आणि गुडघे ढुंगणाच्या पातळीत किंवा जरा वर, समोरून बघितलं तर इंग्रजी एम अक्षरासारखं, लहान मुलांच्या खुब्यांच्या सांध्यासाठी हीच बसण्याची पद्धत इंटरनॅशनल हिप डिस्प्लेजिया इन्स्टिट्यूट सांगते. रिकिबी त्याचसाठी आहेत, सजावटीला नाहीत. पाय नुसते लोंबत राहिले तर मांडीखाली सीटची कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात, मूल रडायला लागतं आणि आपल्याला वाटतं भूक लागली असेल. मूल वाढेल तसं दर दोन-तीन महिन्यांनी सीट खाली आणि रिकिबी खाली, हे लक्षात ठेवून करायला लागतं.

आता वाटांबद्दल. आधी एक गोष्ट जी आम्हाला उशिरा कळली, वाटेच्या खुणांचा रंग बघून वाट सोपी की अवघड ते ठरवू नका, प्रत्येक देशात रंगाचा अर्थ वेगळा आहे. एकटा निळा रंगच घ्या. ऑस्ट्रियातल्या डोंगरवाटांवर निळा म्हणजे सोपी, मग लाल, मग काळी. नॉर्वेत हिरवी सोपी आणि निळी म्हणजे मध्यम. आणि स्वित्झर्लंडमध्ये पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर ती सगळ्यात अवघड आल्पाइन वाट, तिथे लहान मुलाला घेऊन जायचा प्रश्नच नाही. तीन देश, निळा तोच. त्यामुळे मी रंगापेक्षा वर्णन वाचते, आणि वर्णनात फक्त एक गोष्ट शोधते, हात लागतात का. स्विस अल्पाइन क्लबची टी 1 ते टी 6 अशी जी श्रेणी आहे ती यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते. टी 1 म्हणजे सरळ रुंद वाट, टी 2 ला चढउतार पण सलग पायवाट, टी 3 ला तोल सांभाळायला हात लागू शकतात, टी 4 ला काही ठिकाणी पुढे सरकायलाच हात लागतात. कॅरियर पाठीवर असेल तर आमची सीमारेषा टी 2. बस.

सोप्या वाटेवर हे कॅरियर अगदी लाडकं होऊन जातं. रुंद वाट, फारसा चढ नाही, सासूबाई पण बरोबर, मोठी (ती आता साडेसात वर्षांची आहे) पुढे पळतेय, आणि धाकटा दर दहा मिनिटांनी आत-बाहेर. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा, आत्ता तर बसवलं, लगेच उतरायचंय काय. मग नवऱ्याने एक दिवस मोजलं, तीन तासांत त्याला अकरा वेळा उतरवलं आणि तेवढ्यात तो जवळजवळ निम्मी वाट स्वतः चालला होता, वय तेव्हा दोन वर्षं. कॅरियर नसताना काय व्हायचं, पाऊण तासाने पाय दुखले की जमिनीवर बसकण आणि मग कडेवर, आणि कडेवर घेऊन कोणी किती चालणार, परत फिरायचो. आता त्याला माहितीय की दमलो की बसायला जागा आहे, म्हणून तो बिनधास्त चालतो. मुलाला आत-बाहेर करायला किती सेकंद लागतात हे म्हणूनच मी सगळ्यात वर ठेवते. आमच्या हार्नेसला दोन बकल आणि एक पट्टा, सरावाने 40 सेकंद. दुकानात बघाल तेव्हा हेच बघा, पाच-सहा वेळा काढून घालून बघा, मूल नसेल तर एखादी भरलेली पिशवी घालून.

त्याला दगड गोळा करायचा भयंकर नाद. हिप बेल्टला दोन छोटे झिपचे खिसे आहेत, ते फोनसाठी म्हणून दिलेत, आमच्याकडे ते त्याच्या दगडांचे आहेत. पाठीवरून वाकून हात पुढे करायचा आणि "आई, ठेव" म्हणायचा. मी ठेवायचे.

मध्यम वाटेवर हिशोब बदलतो, आणि सगळ्यात आधी वेळेचा बदलतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला होता तो आजही चालतो, दर 5 किलोमीटरला 1 तास आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी 1 तास. म्हणजे 6 किलोमीटर आणि 400 मीटर चढाची वाट साधारण 1 तास 52 मिनिटांची. हा नियम धडधाकट मोठ्या माणसाचा, त्यात थांबे धरलेले नाहीत. आम्हाला अशाच एका वाटेला चार तास दहा मिनिटं लागली. तेव्हापासून मी सरळ दुप्पट करते आणि वर अर्धा तास ठेवते, आणि अंधाराच्या दोन तास आधी खाली यायला हवं असं उलटं मोजून निघायची वेळ ठरवते. आणि जास्त वेळ म्हणजे जास्त पाणी, पाणी कप्प्यात, कप्पा पाठीवर. बायको-मुलगा-पाणी सगळं एकट्याने उचलायचा नवऱ्याचा हट्ट असतो तो मोडून काढा, मुलाचं कॅरियर एकाकडे आणि सामानाची सॅक दुसऱ्याकडे, अशीच वाटणी बरी.

मध्यम वाटेवर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. ज्याच्या पाठीवर कॅरियर आहे तो माणूस मोठ्या मुलाच्या उपयोगाचा राहत नाही. त्याला पटकन वाकता येत नाही, वळता येत नाही, घसरणाऱ्याचा हात धरता येत नाही, कारण तो धरायला गेला तर स्वतः तिघांना घेऊन पडेल. एका ओल्या वळणावर मोठीचा पाय सटकला, मी तिच्यापासून दोन हातांवर होते आणि मला काहीच करता आलं नाही, ती बसली ढुंगणावर, लागलं नाही, पण मी रात्रभर तोच क्षण बघत होते. त्यानंतर आमचा नियम, दोन मुलं असतील तर कॅरियरवाल्याशिवाय एक रिकाम्या पाठीचं मोठं माणूस हवंच, आणि ते मोठ्या मुलाच्या मागे चढावर, पुढे उतारावर. एकट्याने दोघांना घेऊन जायचं असेल तर टी 1 च्या वर नाही.

अवघड वाटेवर आम्ही एकदा गेलो आणि अर्ध्यातून परत फिरलो, त्याबद्दल सविस्तर लिहिते कारण मला वाटतं हेच सगळ्यात कामाचं आहे. वर्णनात मध्यम लिहिलं होतं. पहिले दोन तास छान, गवताळ सोंड, वारा, धाकटा झोपलेला. मग धारेखाली एक ट्रॅव्हर्स, म्हणजे डोंगराच्या कडेने आडवी जाणारी वाट, आला, उजवीकडे दरी, पायाखाली बारीक घसारा, आणि त्याच्या टोकाला पुरुषभर उंचीचा रॉकपॅच, म्हणजे हात लावून चढायचा कातळ. पुरुषभर म्हणजे काहीच नाही, लग्नाआधी मी असले पॅच गप्पा मारत चढलेय. कॅरियर नवऱ्याच्या पाठीवर होतं. त्याने पहिल्या खाचेत पाय ठेवला, हाताने पकड घेतली आणि अंग वर ओढलं, आणि मी खालून बघत होते, तर त्याचं अंग वर गेलं पण कॅरियर मागे राहिलं, म्हणजे अक्षरशः त्याला दरीकडे ओढत होतं. साध्या सॅकमध्ये जड सामान आपण पाठीलगत ठेवतो, इथे मूल फ्रेमच्या पलीकडे, पाठीपासून दूर आणि उंच बसतं, वर ते हलतं. आणि झोपेत धाकट्याचं डोकं एकदम डावीकडे कलंडलं. तेवढ्या डोक्याच्या वजनाने नवऱ्याचा डावा खांदा खाली गेला, मी ते खालून स्पष्ट बघितलं. तो तिथेच थांबला, दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग तो म्हणाला, "उतरतो मी, तू फक्त माझा पाय खाली कुठे टेकतोय ते सांग." मी सांगत गेले, तो उतरला, आम्ही वळलो. मोठी रडली कारण शिखर वीस मिनिटांवर दिसत होतं.

कॅरियरच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, हात लागतील अशा ठिकाणी वापरू नका, पण ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. ते पहिल्या पानावर हवं. हात लागले की कॅरियरचं काम संपलं. कोणी म्हणेल मूल उतरवून हातोहात द्यायचं, तर दरी असलेल्या ठिकाणी दोन वर्षांचं झोपाळू मूल हातोहात देणं याच्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही.

झाडीतल्या वाटेवर एक वेगळी काळजी. मुलाचं डोकं आपल्या डोक्याच्या मागे आणि बरोबरीला किंवा वर असतं, आपण फांदी चुकवायला मान खाली घालतो आणि फांदी सरळ त्याच्या तोंडावर जाते. मान नाही, गुडघे वाकवायचे, सगळं अंग खाली न्यायचं. मागून चालणाऱ्याने ओरडून सांगायचं. आम्ही आता प्रत्येक फांदीला "डोकं!" म्हणतो आणि धाकटा आपोआप पॅडमध्ये तोंड लपवतो.

उतारासाठी ट्रेकिंग पोल, म्हणजे हातात धरायच्या काठ्या, घ्याच, दोन घ्या. चढावर दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो पण कॅरियर घेऊन त्रास उताराला होतो, पोटऱ्या थरथरतात, गुडघे बोलायला लागतात, आणि मूल पाठीवर असताना पाय नेमका कुठे पडतोय ते नीट दिसत नाही, एवढ्या ओझ्याने पुढे वाकून बघायची भीती वाटते. पोलने उतारावर गुडघ्यावरचा भार कमी होतो हे 1999 मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी उतरत्या रॅम्पवर मोजून दाखवलंय, 12 ते 25 टक्क्यांपर्यंत. मला टक्के कळत नाहीत पण पोल असताना दुसऱ्या दिवशी मी जिना नीट उतरते, नसताना कठडा धरून. उतारावर पोलची लांबी जरा वाढवायची, चढावर कमी.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर, स्टँड. एका खिंडीत आम्ही थांबलो होतो, कॅरियर खाली ठेवलं, धाकटा आतच, मी स्टँड पायाने मागे ढकलला आणि मोठीच्या बुटाची लेस बांधायला वाकले. क्लिक झालंय असं मला वाटलं, झालं नव्हतं. आणि जमीन थोडी उताराची होती. कॅरियर पुढे झुकायला लागलं, हळूहळू, एवढं हळू की मला आधी कळेना काय हलतंय, नवऱ्याने झेप घेऊन वरची मूठ पकडली म्हणून वाचलं, नाहीतर धाकटा हार्नेसमध्ये बांधलेला असल्यामुळे हात पुढे न करताच तोंडावर पडला असता. चूक माझी होतीच, मूल आत असताना स्टँडवर सोडून हात काढायचाच नसतो, ही खुर्ची नाही. पण डिझाइनचाही दोष आहे, स्टँड पूर्ण उघडला की नाही ते कळायला आवाज फार बारीक आहे, वाऱ्यात ऐकू येत नाही, आणि डोळ्यांना दिसेल अशी खूण कुठेच नाही. आता एक हात कायम वरच्या मुठीवर, जागा सपाट असेल तरच, आणि बाक, कठडा, कातळ असल्या उंच जागेवर कधीच नाही.

दुसरी तक्रार, छातीवरच्या पट्ट्याचं बकल दीड वर्षात तडकलं. कंपनीला लिहिलं, पावती मागितली, दिली, फोटो मागितले, दिले, मग आलेलं बकल वेगळ्याच मापाचं, परत लिहिलं, सगळं मिळून सहा आठवडे गेले आणि ते ऐन हंगामातले. त्या काळात आम्ही कुठेच गेलो नाही. बकल ही लहानशी वस्तू आहे पण मुलाच्या सामानात लहानसं काही नसतं, दोन बकल जास्तीची डब्यातच घालून द्यायला काय हरकत आहे.

पावसाचं कव्हर वेगळं विकत घ्यावं लागलं. चांगलं आहे, पण आत दमट होतं, बाजूच्या जाळ्या उघड्या ठेवा. सीटचं कापड काढून धुता येतं, हे लाख मोलाचं. छत उत्तम.

थंडीबद्दल नक्की लिहायचंय. चढताना आपण घामाघूम होतो आणि मूल मागे निश्चल बसलेलं असतं, आपल्या अंगावरून त्याचा अंदाज बांधू नका. दर 1000 मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, खिंडीत वारा वेगळा. एकदा वर पोचून मी धाकट्याचा मोजा काढला तर बोटं बर्फासारखी, आणि तो मुकाट बसला होता, रडलासुद्धा नाही. गप्प बसलेलं मूल शहाणं असतंच असं नाही, ते गारठलेलं असू शकतं. त्यानंतर मी अर्ध्या तासाच्या गजराने थांबते, त्याच्या मानेवर मागून हात लावून बघते, पायाची बोटं बघते, आणि त्याला दहा मिनिटं उड्या मारायला लावते. त्याला माझ्यापेक्षा एक थर जास्त, आणि बुटांवरून लोकरीचे मोजे. उन्हाचंही तसंच, उंचीबरोबर अतिनील किरणं दर 1000 मीटरला साधारण 10 टक्क्यांनी वाढतात, हवा गार असते म्हणून कळत नाही, छत असलं तरी पाय बाहेर असतात. पोटऱ्यांना क्रीम.

उंचीचं एक. 2500 मीटरच्या वर मोठ्यांसारखाच मुलांनाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, पण दोन वर्षांचं मूल डोकं दुखतंय असं सांगत नाही, ते किरकिर करतं, खात नाही, झोपत नाही, ओकतं. पाठीवरच्या मुलाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, ही या वस्तूची सगळ्यात मोठी उणीव. मी एक छोटा आरसा खांद्याच्या पट्ट्याला लावलाय. आम्ही धाकट्याला घेऊन 2500 च्या वर मुक्काम केला नाही आणि कारण नसताना तशी किरकिर दिसली तर उतरायचं, उद्यावर ढकलायचं नाही, हे आधीच ठरवून ठेवलंय.

आणि शिट्टी. छातीवरच्या बकलमध्येच एक असते, बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा, हा डोंगरातला मदतीचा इशारा, आणि उत्तर मिनिटात तीन वेळा. मोठीला हे पाठ आहे. मला काही झालं तर नवरा कॅरियर सोडून जाऊ शकणार नाही, त्यामुळे एक वेगळी शिट्टी तिच्याच गळ्यात असते.

उचलायची पद्धत एकदा बघून घ्या, कारण आमच्या पाठी डोंगरात नाही, उचलताना दुखावल्या. एक पाय पुढे, गुडघा वाकवून कॅरियर वरच्या मुठीने आधी मांडीवर, मग एक हात पट्ट्यात, मग वळून दुसरा. कंबरेतून वाकून झटक्यात नाही. दुसरं माणूस असेल तर त्याने मागून उचलून धरायचं, लाज कसली.

वापरलेलं घेत असाल तर चालेल, आम्हालाही ते पटतं, फक्त सीटच्या पट्ट्यांची शिवण उलटी करून बघा, उन्हात पडून राहिलेल्या नायलॉनचा रंग उडालेला असतो आणि तो नखाने खरवडला तर भुसा निघतो, असलं घेऊ नका. सगळी बकलं दहा वेळा लावून काढा. स्टँडचा क्लिक ऐका. फ्रेम सपाट जमिनीवर ठेवून डुगडुगते का बघा.

आमचं आता नणंदेकडे जातंय, तिची मुलगी तेरा महिन्यांची झालीय. तिची पाठ मी टेपने मोजली, तिच्या खुणेवर पिवळा दोरा बांधला, छातीचं जास्तीचं बकल खालच्या कप्प्यात ठेवलं आणि स्टँडच्या कडीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, पूर्ण उघडला तरच ती दिसते. हिप बेल्टच्या खिशांतले दगड काढायला गेले तर धाकट्याने काढू दिले नाहीत, ते बाळाला दे म्हणाला. मग डावीकडचे राहू दिले. उजवा खिसा रिकामा करून दिलाय.